कंपनीत नीतिमत्ता आणि सीएसआरचे प्रशिक्षण: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

चाकण, भोसरी, रांजणगाव किंवा हिंजवडी इथल्या मध्यम आकाराच्या कंपनीत नीतिमत्तेच्या प्रशिक्षणाची जबाबदारी बहुधा मनुष्यबळ विभागातल्या एखाद्या तुलनेने नव्या माणसावर येते. ग्राहक कंपनीचे ऑडिट जवळ आलेले असते, मुख्य कार्यालयाकडून आलेली इंग्रजी स्लाइडची फाइल हाताशी असते आणि हजेरीपत्रकावर सगळ्यांच्या सह्या झाल्या की काम उरकले असा प्रघात असतो. एवढ्याने ऑडिट पार पडते. मात्र खरेदी विभागात, स्टोअरमध्ये आणि गेटवर जे आधी चालत होते तेच पुढेही चालत राहते. ज्यांना याहून वेगळे काही करायचे आहे, पण सुरुवात कुठून करावी हे उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

पुढे जे लिहिले आहे त्यामागे दोन ठाम मते आहेत. कंपनी पैसा कसा मिळवते हा विषय आधी शिकवावा आणि मिळवलेल्या पैशातला काही भाग समाजासाठी कसा खर्च करते हा विषय त्यानंतर घ्यावा. हा क्रम उलटला की सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) म्हणजे वृक्षारोपणाचा फोटो एवढाच अर्थ कर्मचाऱ्यांच्या मनात उरतो. दुसरे मत असे की प्रशिक्षणाची सुरुवात व्यवस्थापकांपासून झाली पाहिजे, कारण कामगार फलकावरची आचारसंहिता वाचत नाही, तो आपला साहेब काय करतो ते पाहतो.

पहिली पायरी: आपल्या कंपनीतल्या नाजूक जागा शोधणे

स्लाइड उघडण्याआधी आठ-दहा दिवस कंपनीत फिरावे आणि लोकांशी बोलावे. खरेदी विभागात कोटेशन कसे मागवतात, तीन कोटेशनपैकी दोन एकाच पत्त्यावरून येतात का, हे पाहावे. भरती कुणाच्या वशिल्याने होते, कंत्राटी कामगार पुरवणारा ठेकेदार कोण निवडतो आणि नोकरी लावण्यासाठी तो कामगारांकडून पैसे घेतो का, हे कामगारांकडूनच कळते. दिवाळीच्या सुमारास कोणत्या पुरवठादाराकडून कुणाच्या घरी काय पोहोचते, सरकारी कार्यालयातले काम करून देणाऱ्या एजंटच्या बिलात ‘इतर खर्च’ या नावाखाली किती रक्कम असते आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र रात्रपाळीत खरोखर चालू असते की नाही, हेही विचारावे. अशा गोष्टी पहिल्या भेटीत कुणी सांगत नाही, म्हणून घाई करू नये आणि वहीत नावे लिहू नयेत. फक्त प्रसंग टिपावेत.

भंगाराकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. यंत्रकाम करणाऱ्या कारखान्यात भंगार हा मोठ्या पैशाचा व्यवहार असतो आणि तो कंपनीच्या मुख्य हिशेबाच्या कडेला चालत असल्याने तिकडे वरिष्ठांचे लक्ष कमी असते. ट्रकमध्ये वर लेथचा लोखंडी बर, म्हणजे कातकामातला चुरा, दिसतो आणि खाली तांब्याचे किंवा पितळेचे तुकडे दडवलेले असतात. रिकाम्या ट्रकचे वजन तोलकाट्यावर आधीच जास्त दाखवलेले असते. गेट पासवर ज्याने सही करायची तो ट्रक न पाहताच सही करतो. सुरक्षारक्षकाला हे दिसत असते, पण ‘साहेबांचा माणूस आहे, सोडून दे’ एवढे एकच वाक्य त्याला गप्प बसवायला पुरते. पुढच्या वर्गांसाठी याहून जिवंत उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

दुसरी पायरी: कोणता कायदा आपल्याला लागू होतो हे पाहणे

नीतिमत्ता कायद्यापाशी संपत नाही हे खरे. तरी प्रशिक्षकाला किमान कायदा अचूक माहीत असलाच पाहिजे, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला वर्गाचा विश्वास उडतो.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच घेणाऱ्याप्रमाणे लाच देणाराही थेट दोषी ठरतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एखाद्याला लाच देणे भाग पाडले गेले असेल, तर त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले पाहिजे, तरच त्याला संरक्षण मिळते. कंपनीच्या फायद्यासाठी कुणी लाच दिली तर कंपनीही आरोपी होऊ शकते आणि आपण पुरेशी प्रतिबंधक व्यवस्था उभारली होती हे दाखवणे हा तिच्या बचावाचा भाग असतो. ‘चहापाण्याचे द्यावेच लागतात’ हे वाक्य वर्गात हमखास ऐकू येते, तेव्हा हा तपशील आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल-फ्री क्रमांक दोन्ही फळ्यावर लिहावेत.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या पॉश कायद्यानुसार, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या कायद्यानुसार, अंतर्गत समिती असावी लागते. समितीच्या अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरील महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि बाहेरचा एक सदस्य अशी तिची रचना असते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करायची असते आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने जागृतीचे कार्यक्रम घेणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, त्यामुळे हा भाग ऐच्छिक समजू नये. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटी रुपयांहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्यांना गैरप्रकार कळवण्याची संरक्षित यंत्रणा ठेवणे कंपनी कायद्याने बंधनकारक केले आहे.

एका कायद्याकडे नीतिमत्तेच्या वर्गात जवळजवळ नेहमीच दुर्लक्ष होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे बिल, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. भोसरीत तीन-चार यंत्रांवर जॉबवर्क करणारा माणूस पुढची ऑर्डर हातची जाईल या भीतीने हे व्याज कधी मागत नाही. मोठ्या कंपनीने त्याचे पैसे चार-चार महिने अडवून ठेवावेत आणि त्याच वर्षी सामाजिक जबाबदारीचा अहवाल गुळगुळीत कागदावर छापावा, ही विसंगती लेखा आणि खरेदी विभागातल्या व्यवस्थापकांपुढे स्पष्ट शब्दांत मांडायलाच हवी.

तिसरी पायरी: तक्रारीची वाट आधी, वर्ग नंतर

गैरप्रकार दिसला तर बोला, असे सांगण्याआधी बोलायचे कुणाशी हे निश्चित झालेले असावे. किमान दोन मार्ग हवेत, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच एका मार्गाच्या टोकाला बसलेला असू शकतो. तक्रारपेटी ठेवायची असेल तर ती सीसीटीव्हीच्या टप्प्याबाहेर ठेवावी आणि तिची किल्ली प्लांटच्या बाहेरच्या व्यक्तीकडे असावी. फोन क्रमांक दिला तर तो उचलणारी व्यक्ती मराठी आणि हिंदी बोलणारी असावी. ही व्यवस्था उभी झाली नसेल तर प्रशिक्षण पुढे ढकलावे. भरवशावर पुढे आलेल्या माणसाची बदली झाली, तर त्या कंपनीत पुढची कित्येक वर्षे कुणी तोंड उघडत नाही.

चौथी पायरी: आचारसंहिता लोकांच्या भाषेत

मुख्य कार्यालयाची चाळीस पानी इंग्रजी आचारसंहिता असू द्यावी, पण शॉप फ्लोअरसाठी चार पानांची मराठी पुस्तिका वेगळी लिहावी. इंग्रजी मजकुराचा शब्दशः अनुवाद करू नये. ‘हितसंबंधांचा संघर्ष’ असे लिहून थांबण्यापेक्षा ‘तुमच्या भावाची, मेव्हण्याची किंवा भागीदाराची कंपनी आपल्याला माल पुरवत असेल तर ते लेखी कळवा आणि त्या खरेदीच्या निर्णयातून बाजूला राहा’ असे लिहिले की अर्थ सगळ्यांना एकदम कळतो. भेटवस्तूंची मर्यादा रुपयांत सांगावी. ‘वाजवी किमतीची भेट’ या शब्दांत मिठाईचा पुडाही बसतो आणि सोन्याचे नाणेही. मराठवाडा आणि विदर्भातून आलेल्यांबरोबर उत्तर प्रदेश, बिहारमधले कामगारही मोठ्या संख्येने असतात, म्हणून हिंदी प्रतही हवी.

पाचवी पायरी: व्यवस्थापकांचा वर्ग

या वर्गाला अर्धा दिवस द्यावा, पंधरा-वीसहून अधिक माणसे घेऊ नयेत आणि प्लांट हेडने पहिल्यापासून शेवटपर्यंत बसावे. उद्घाटनाचे चार शब्द बोलून ते मीटिंगला निघून गेले, तर उरलेल्यांना या विषयाचे कंपनीतले वजन नेमके कळते. शक्य असेल तर जागा कंपनीच्या बाहेरची घ्यावी; पुण्यात १९३४ पासून काम करणाऱ्या मराठा चेंबरसारख्या उद्योगसंस्थांमुळे इतर कंपन्यांच्या लोकांना भेटून त्यांचा अनुभव ऐकण्याची सोयही होऊ शकते.

वर्गाचा गाभा प्रसंगांचा असावा. एक प्रसंग पूर्ण उलगडून घेतलेला, पाच प्रसंग धावत घेतल्याहून चांगला. पुढचा प्रसंग बहुतेक उत्पादन कंपन्यांना लागू पडेल.

महिन्याची २९ तारीख आहे. ग्राहकाची गाडी दारात उभी आहे. तयार मालाच्या तपासणीत पाच नगांची मापे प्रत्यक्ष घेऊन पीडीआय रिपोर्ट (माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा अहवाल) भरायचा आहे, पण मोजमाप यंत्र दुसऱ्या कामात अडकले आहे. प्रॉडक्शनचे साहेब तपासनीस मुलीला म्हणतात, “मॅडम, माल ओके आहे, मागच्या लॉटचीच रीडिंग्ज थोडी मागेपुढे करून टाका. गाडी गेली पाहिजे.” ती विचारते, “सर, सही माझी आहे ना?” साहेब हसून म्हणतात, “एवढा विश्वास नाही का?”

हा प्रसंग दोघांना उभे करून प्रत्यक्ष बोलून घ्यावा, आणि साहेबांची भूमिका गुणवत्ता विभागाच्या माणसाला, तपासनिसाची भूमिका प्रॉडक्शनच्या माणसाला द्यावी. मग गटापुढे प्रश्न ठेवावेत: त्या मुलीपुढे खरोखर कोणते पर्याय आहेत? ती नाही म्हणाली तर तिच्या वार्षिक मूल्यांकनात काय लिहिले जाईल? गाडी चार तास थांबली असती तर नेमके किती नुकसान झाले असते, आणि ते कुणी कधी मोजले आहे का? माल खरोखर चांगला असेल, तरी खोटी मापे लिहिण्याने काय बिघडते? शेवटच्या प्रश्नावर चर्चा रेंगाळू द्यावी. माल चांगला निघाला म्हणून पुढच्या महिन्यात तेच सोपे होते, आणि ज्या दिवशी माल खराब असतो त्या दिवशीही कागद तितकाच सुबक दिसतो, हे सहभागींच्या तोंडून यायला हवे.

त्यानंतर देशातले आणि बाहेरचे मोठे दाखले घेतले तर ते पोहोचतात. सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी दिलेल्या पत्रात ताळेबंदातला फुगवटा कबूल केला. खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यातले लहानसे अंतर वर्षागणिक वाढत गेले, असे त्यांनीच त्यात म्हटले होते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत प्रदूषण चाचणी ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी दाखवणारे सॉफ्टवेअर असल्याचे अमेरिकेत उघड झाले. ते अभियंत्यांच्या हातून घडले होते. लेखा विभागाला पहिला दाखला आणि अभियंत्यांना दुसरा अधिक लागतो.

व्यवस्थापकांना आणखी एक कौशल्य शिकवावे लागते: तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी पहिली पाच मिनिटे कसे बोलायचे. “पुरावा आहे का?” हा पहिला प्रश्न असेल तर संभाषण तिथेच संपते. दार लावावे, फोन बाजूला ठेवावा, ऐकून घ्यावे, आणि “तुम्ही सांगितलेत हे बरे केलेत; हे मी अमुक व्यक्तीपर्यंत नेईन आणि अमुक दिवसापर्यंत तुम्हाला कळवेन” असे नेमके सांगावे. स्वतः चौकशी सुरू करू नये, संशयिताला जाऊन विचारू नये आणि लैंगिक छळाची तक्रार असेल तर ‘आपसात मिटवा’ असे चुकूनही म्हणू नये. ती अंतर्गत समितीकडेच जायला हवी. हे दोन-दोनच्या जोड्यांत बोलून सरावाने शिकवावे. वाचून ते अंगी येत नाही.

सहावी पायरी: कामगार आणि कार्यालयीन कर्मचारी

इथे वेळ पाऊण तासाचा, गट पंचवीसपर्यंतचा आणि वेळ कामाच्या तासांतला असावा. पाळी सुटल्यावर कंपनीची बस उभी असताना घेतलेल्या वर्गात कुणाचेही चित्त नसते. कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक, कॅन्टीनचे आणि हाउसकीपिंगचे लोक वगळू नयेत. अन्याय सर्वांत जास्त तेच सोसतात आणि गैरप्रकार सर्वांत आधी त्यांनाच दिसतात. त्यांच्यासाठी पहिला विषय त्यांच्या हक्कांचा घ्यावा: पगारपावती मिळते का, पीएफ खरोखर भरला जातो का हे मोबाइलवर कसे पाहायचे, ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ कंपनीची जबाबदारी काय असते. स्वतःला न्याय मिळण्याची शक्यता दिसल्याशिवाय कुणी दुसऱ्यावरच्या अन्यायाविषयी बोलत नाही.

भंगाराच्या ट्रकचा प्रसंग या वर्गात घ्यावा आणि सुरक्षारक्षकाच्या जागी उभे राहून उत्तर द्यायला सांगावे. कुणी म्हणेल, “मी साहेबांना फोन लावीन.” मग विचारावे, “आणि तेच साहेब सोडून दे म्हणाले तर?” इथे वर्ग थोडा वेळ शांत होतो, त्या शांततेत घाईने उत्तर देऊ नये. दुसरा मार्ग कोणता, त्याचा क्रमांक कुठे लिहिला आहे आणि नाव कसे गुप्त राहते, हे सांगण्याची खरी वेळ ती.

हिंजवडी, खराडीतल्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत प्रसंग बदलतात: ग्राहकाचा डेटा स्वतःच्या ईमेलवर पाठवणे, न केलेल्या तासांचे बिल लावणे, उमेदवाराचा अनुभव फुगवून ग्राहकापुढे ठेवणे. पद्धत तीच ठेवावी.

सातवी पायरी: सीएसआर समजावणे आणि त्यात लोकांना सामील करणे

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक जरी मर्यादा गाठली, तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. वर्गात एक गणित फळ्यावर करून दाखवावे: तीन वर्षांचा नफा ६, ८ आणि १० कोटी असेल तर सरासरी ८ कोटी आणि सीएसआरची रक्कम १६ लाख रुपये. ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ते काम पाहते. प्रशासकीय खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे इथे ८० हजारांच्या आत.

काय सीएसआरमध्ये बसत नाही, हे अधिक महत्त्वाचे. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या फायद्याचे काम बसत नाही. राजकीय पक्षाला दिलेली देणगी बसत नाही. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम बसत नाही. आपल्या मालाच्या जाहिरातीचा लाभ मिळावा म्हणून केलेले प्रायोजकत्व बसत नाही. पालखीच्या वाटेवर उत्पादनाचे नाव छापलेल्या टोप्या वाटण्याचा प्रस्ताव आला तर तो या कसोटीवर तपासून पाहायला गटाला द्यावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अटी पाळण्यासाठी बसवलेले यंत्र ही कंपनीची स्वतःची कायदेशीर जबाबदारी असते, ती समाजसेवा म्हणून दाखवता येत नाही, हेही याच ठिकाणी सांगावे. पवना आणि इंद्रायणी या दोन्ही नद्या औद्योगिक पट्ट्यातून वाहतात, आणि आळंदीला इंद्रायणीवर आलेला फेस पुणेकरांनी वारंवार पाहिला आहे. नदीकाठी स्वच्छता मोहीम घेण्याआधी आपल्या आवारातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा चाचणी अहवाल कर्मचाऱ्यांपुढे ठेवायची तयारी कंपनीची असली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काम निवडताना कायदा स्थानिक भागाला प्राधान्य देण्यास सांगतो. म्हणून खेड, मावळ, मुळशी, शिरूर इथल्या ज्या गावांतून आपले कामगार येतात, तिथे व्यवस्थापक आणि कामगार यांच्या मिश्र गटाला पाठवावे. ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, आशाताईंकडे बसून गरज विचारून यावी. शाळेला संगणक देण्याचे ठरवून गेलेला गट, मुलींसाठी शौचालयात पाणीच येत नाही हे पाहून परततो. प्रशिक्षणाचा हा भाग वर्गात बसून होत नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे काम पाहिले, तर कंपनीच्या कॅन्टीनमधला ओला-सुका कचरा कुणाच्या हातातून जातो हेही लक्षात येते. ज्या संस्थेमार्फत खर्च करायचा तिची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचे काम करणाऱ्या संस्थांची सरकारकडची नोंदणी) आहे का, हे मात्र पैसे देण्याआधी तपासावे. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या श्रमदानाच्या तासांची किंमत लावून ती सीएसआर खर्चात धरता येत नाही, याचीही लेखा विभागाला आठवण करून द्यावी.

आठवी पायरी: वर्ग संपल्यानंतर

हजेरीची टक्केवारी ठेवावीच लागते. बाजारमूल्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १,००० कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांच्या अहवालात प्रशिक्षणाची व्याप्ती दाखवावी लागते आणि त्यांच्या पुरवठादारांकडेही अशी माहिती मागितली जाते. पण प्रशिक्षण पोहोचले की नाही हे इतर खुणांवरून कळते. पहिल्या तीन महिन्यांत ‘असे केले तर चालेल का’ अशा शंका विचारायला किती लोक आले, भेटवस्तू परत केल्याच्या किंवा नातेवाइकाची कंपनी असल्याचे लेखी कळवल्याच्या नोंदी झाल्या का, लघु पुरवठादारांची बिले किती दिवसांत निघतात, हे पाहावे. तक्रारींची संख्या वाढली तर वरिष्ठ घाबरतात. पहिल्या वर्षी ती वाढणे हे लोकांचा भरवसा बसू लागल्याचे चिन्ह आहे, हे त्यांना वर्ग सुरू होण्याआधीच सांगून ठेवावे.

सोडवलेल्या प्रकरणांतली नावे, विभाग आणि तारखा काढून त्यांचे प्रसंग लिहावेत आणि दर तिमाहीला पाळीच्या सुरुवातीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या छोट्या बैठकीत) दहा मिनिटे एकेका प्रसंगाला द्यावीत. पुढच्या वर्षीच्या वर्गाची सामग्री यातूनच तयार होते. नव्याने रुजू होणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात, यंत्रावर उभे करण्याआधी, चार पानांची पुस्तिका वाचून दाखवावी आणि तक्रारीचे दोन्ही मार्ग त्यांच्या मोबाइलमध्ये समोर बसून साठवून घ्यावेत.